गणिताचे खेळ: उणे ०.५७ ते अधिक ०.४७

उणे ०.५७ आणि अधिक ०.२८. दोन्ही आकडे गुजरातेतील ‘ज्ञानशाला’ या एकाच संस्थेच्या शाळांतले, दुसरी-तिसरीच्या मुलांचे आणि संगणकावर गणित शिकवण्याच्या एकाच कार्यक्रमाचे आहेत. वर्गातला तास काढून घेऊन तो संगणकाला दिला, तेव्हा मुले इतर मुलांच्या तुलनेत गणितात ०.५७ ने मागे पडली. तास शाबूत ठेवून संगणकाचा वेळ शाळेच्या वेळेबाहेर दिला, तेव्हा ती ०.२८ ने पुढे गेली. अर्थशास्त्रज्ञ ली लिंडन यांनी २००८ मध्ये हे निष्कर्ष मांडले.

हे आकडे, आणि या लेखात पुढे येणारे असे सर्व आकडे, प्रमाण विचलनात मोजलेले आहेत. शंभर मुले गुणांच्या चढत्या क्रमाने रांगेत उभी केली, तर अधिक ०.२८ म्हणजे ५० व्या जागेवरचे मूल ६१ व्या जागेवर जाते. उणे ०.५७ म्हणजे तेच मूल २८ व्या जागेवर येते. दोन टोकांत ३३ जागांचे अंतर आहे आणि ते वेळापत्रकाने पाडले आहे. ज्ञानशालेत प्रत्येक तासाची आखणी आधीच काटेकोर होती, त्यामुळे काढून घेतलेला तास मोलाचा होता. उलट जादा वेळेच्या प्रयोगात सर्वांत मागे असलेल्या आणि वयाने मोठ्या मुलांची वाढ ०.४ ते ०.६९ इतकी निघाली.

गणिताचे ऑनलाइन खेळ उपयोगी आहेत का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर मिळत नाही ते यामुळे. उत्तर तीन गोष्टींत मिळते: खेळाने कोणता तास घेतला, तो मुलाच्या कोणत्या पातळीवर सुरू झाला आणि आठवड्याला प्रत्यक्षात किती मिनिटे खेळला गेला.

गरज किती, साधने किती

‘असर २०२४’ या ग्रामीण भारताच्या पाहणीत पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. २०२२ मध्ये हे प्रमाण २५.६ टक्के आणि २०१८ मध्ये २७.९ टक्के होते. म्हणजे करोनाकाळातली घट भरून निघाली आणि वर २.८ टक्के-बिंदूंची भर पडली. तरीही पाचवीतल्या दहापैकी सात मुलांना भागाकार येत नाही. आठवीत भागाकार येणाऱ्यांचे प्रमाण ४५.८ टक्के आहे. पाचवी आणि आठवी यांच्यातला फरक १५.१ टक्के-बिंदूंचा, म्हणजे इयत्तेमागे सुमारे पाच.

केंद्राच्या ‘परख’ सर्वेक्षणात ४ डिसेंबर २०२४ रोजी ७८१ जिल्ह्यांतल्या २१.१५ लाख विद्यार्थ्यांची चाचणी झाली. गणितातली सरासरी तिसरीत ६० टक्के, सहावीत ४६ टक्के आणि नववीत ३७ टक्के आली. इयत्ता चढते तशी सरासरी उतरते. जे मूल सहावीत पाढ्यांवर अडले आहे, त्याला नववीत बीजगणिताचा तास मिळतो. तो त्याच्यासाठी नसतो.

साधनांचा आकडा मात्र चढता आहे. ‘यूडायस प्लस’ या केंद्राच्या शालेय माहितीकोशातल्या नोंदींनुसार २०२३-२४ मध्ये देशातल्या ५७.२ टक्के शाळांत संगणक होता. २०२४-२५ मध्ये तो ६४.७ टक्के शाळांत पोहोचला. इंटरनेट ५३.९ टक्क्यांवरून ६३.५ टक्के शाळांत गेले. एका वर्षात अनुक्रमे ७.५ आणि ९.६ टक्के-बिंदूंची ही वाढ आहे. एकूण शाळा १४.७१ लाख असल्याने संगणक नसलेल्या शाळांची संख्या अजूनही सुमारे ५.१९ लाख भरते.

घरचे चित्र याहून पुढचे आहे. ‘असर २०२४’नुसार १४ ते १६ वयोगटातल्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२.२ टक्के मुलांना तो वापरता येतो. फोन वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलांनी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात तो शिक्षणासाठी वापरला, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. यंत्र घरात आहे. गणिताला त्यातला वेळ मिळणे ही वेगळी गोष्ट आहे.

वडोदरा: ०.३५, ०.४७ आणि ०.१०

या विषयावरचा भारतातला सर्वाधिक उद्धृत प्रयोग वडोदऱ्याचा आहे. गुजरात सरकारने तिथल्या १०० पालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. प्राथमिक वर्गांतली मुले त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचत होती. २००२ पासून ‘प्रथम’ या संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणक मिळवून दिला: एक तास शाळेच्या वेळेत, एक तास शाळेआधी किंवा नंतर. एका संगणकावर दोन मुले बसत. खेळात पुढे जायचे तर गणित सोडवावे लागे, आणि मुलाच्या उत्तरांप्रमाणे गणिताची काठिण्यपातळी बदलत असे.

अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी २००७ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षी गणितात ०.३५ वाढ झाली, दुसऱ्या वर्षी ०.४७. रांगेच्या हिशेबात ५० वे मूल आधी ६४ व्या आणि मग ६८ व्या जागेवर गेले. भाषेच्या गुणांत फरक पडला नाही. ज्याचा सराव झाला तेवढेच वाढले. ‘संगणकाने मूल हुशार होते’ या समजुतीला या आकड्यांत आधार नाही.

तिसरा आकडा जाहिरातींत दिसत नाही. कार्यक्रम थांबल्यावर एका वर्षाने तो लाभ सुमारे ०.१० वर आला. ६८ व्या जागेवरचे मूल ५४ व्या जागेवर परतले. लाभ शून्य झाला नाही, पण बहुतेक ओसरला. पुढच्या इयत्तेत त्या पायावर काही बांधले गेले नाही तर काय होते, हे सांगणारा हा आकडा आहे.

याच शोधनिबंधात आणखी एक आकडा तुलनेला आहे. ‘प्रथम’ने १९९० च्या दशकात मुंबईत ‘बालसखी’ कार्यक्रम सुरू केला. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी, वर्गात मागे पडलेल्या सुमारे २० मुलांना रोज दोन तास बाजूला घेऊन वाचन आणि अंकगणित शिकवत. मुंबई आणि वडोदरा मिळून या कार्यक्रमाने दुसऱ्या वर्षी एकूण गुणांत ०.२८ वाढ दिली. खर्च दर मुलामागे वर्षाला सुमारे २.२५ डॉलर. संगणकाच्या कार्यक्रमाचा खर्च, यंत्रांची किंमत पाच वर्षांत विभागून, १५.१८ डॉलर. खर्च ६.७ पट, लाभ, गणितापुरता पाहिला तरी, १.७ पट. एक वर्षानंतर बालसखीचा लाभही ओसरून सुमारे ०.१० वरच आला. टिकण्याच्या बाबतीत माणूस आणि यंत्र सारखेच ठरले, किमतीच्या बाबतीत नाही.

दिल्ली: साडेचार महिने, ०.३७

दुसरा मोठा प्रयोग दिल्लीचा. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांनी सरकारी शाळांतल्या सहावी ते नववीच्या ६१९ विद्यार्थ्यांची निवड केली. चिठ्ठी काढून त्यातल्या काहींना ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय शिकवणीच्या केंद्रांत मोफत प्रवेश दिला. शाळेनंतर ९० मिनिटे, आठवड्याला सहा दिवस: ४५ मिनिटे संगणकावर, ४५ मिनिटे साहाय्यकाबरोबर गटात. साडेचार महिन्यांनी गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ वाढ दिसली. गणिताच्या रांगेत ५० वे मूल ६४ व्या जागेवर गेले.

हा लाभ कुठून आला, हे सुरुवातीच्या चाचणीच्या आकड्यांत दिसते. सहावीतले सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे होते, नववीतले साडेचार. केंद्रात न गेलेल्या मुलांपैकी सर्वांत मागच्या एक तृतीयांश मुलांची गणितात त्या काळात मोजण्याजोगी प्रगतीच झाली नाही. शाळा सुरू होती, पुस्तक पुढे जात होते, ही मुले जागच्या जागी होती. माइंडस्पार्कच्या ४५ हजारांहून अधिक प्रश्नांच्या साठ्यातून प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीचा प्रश्न मिळत होता, मग इयत्ता कोणतीही असो.

पातळी म्हणजे काय, ते एका वजाबाकीत पाहता येते. ५२ वजा ३७ चे उत्तर एक मूल २५ लिहिते. हातचा घेण्याऐवजी त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन. चाळीस मुलांच्या वर्गात या उत्तरावर लाल फुली पडते आणि पुढचे गणित सुरू होते. बहुतेक खेळांतही एक ‘जीव’ कमी होतो आणि तसलेच दुसरे उदाहरण येते. मूल तीच चूक पुन्हा करते, फक्त अधिक वेगाने. उपयोगी प्रणाली २५ हे उत्तर ओळखते आणि मुलाला दशक सुटे करण्याच्या पायरीवर परत नेते. चूक मोजणे आणि चूक ओळखणे यांत गणिताच्या खेळांची प्रतवारी होते.

मात्रेचा हिशेबही इथे मांडता येतो. सहा दिवसांपैकी दोन दिवस गणिताचे, दोन हिंदीचे, एक इंग्रजीचा आणि एक मुलाच्या पसंतीचा होता. म्हणजे संगणकावर गणिताला आठवड्याला निश्चित ९० मिनिटे. सरासरी हजेरी ५८ टक्के होती, त्यामुळे प्रत्यक्षात सुमारे ५२ मिनिटे, अधिक पसंतीच्या दिवसाचा वाटा. ९० दिवस हजर राहणाऱ्या मुलाला गणितात सुमारे ०.६ लाभ होईल, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे रांगेत ७३ वी जागा. खर्च महिन्याला सुमारे १,००० रुपये होता. त्या वेळी दिल्ली सरकार दर विद्यार्थ्यामागे महिन्याला सुमारे १,५०० रुपये खर्चत होते. एक पथ्य पाळायला हवे: ०.३७ हा फक्त पडद्याचा लाभ नाही. त्यात रोजची ४५ मिनिटांची गटातली शिकवणीही धरलेली आहे.

न जुळणारे आकडे

पहिली विसंगती दिल्लीचीच. स्वतंत्र चाचणीत गणितात ०.३७ वाढलेल्या मुलांचे शाळेच्या वार्षिक परीक्षेतले गणिताचे गुण मात्र लक्षणीय वाढले नाहीत. हिंदीचे वाढले. कारण आधीच्या आकड्यातच आहे: साडेचार इयत्ता मागचे मूल दोन इयत्ता पुढे आले, तरी नववीच्या प्रश्नपत्रिकेपासून ते अडीच इयत्ता दूरच राहते. प्रगतिपुस्तकावर नापास झालेले मूल त्या वर्षी सर्वाधिक शिकलेले असू शकते.

दुसरी विसंगती चिलीची. सँटियागोतल्या २४ शाळांत चौथीच्या मुलांना ‘कोनेक्ता इदेआस’ या मंचावर स्पर्धा आणि गुणफलक असलेले गणित दिले गेले. राष्ट्रीय परीक्षेत गणितात ०.२७ वाढ झाली. अभ्यासाच्या मेहनतीने बुद्धी वाढते, हा मुलांचा विश्वासही वाढला. त्याच वेळी गणिताची धास्ती वाढली आणि गटात मिळून काम करण्याची पसंती कमी झाली. ‘खेळामुळे भीती जाते’ हे विधान इथे उलटे निघाले. गुणफलकावर वरचे नाव एकाचेच असते. बाकीचा वर्ग रोज खालच्या जागा पाहतो.

तिसरी विसंगती अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याची. ‘ड्रॅगनबॉक्स’ या खेळात पडदा दोन भागांत विभागलेला असतो. एका बाजूला असलेली पेटी एकटी उरेपर्यंत चित्रे हटवायची. एका बाजूचे काढले तर दुसऱ्या बाजूलाही तेच करायचे. काही पायऱ्यांनी चित्रांची अक्षरे होतात, पेटीचा क्ष होतो आणि मूल समीकरण सोडवत असते. जून २०१३ मध्ये तिथल्या ‘अल्जिब्रा चॅलेंज’मध्ये ४,१९२ विद्यार्थ्यांनी पाच दिवसांत ३,९०,९३५ समीकरणे सोडवली, सरासरी ९३. किमान दीड तास खेळलेल्यांपैकी सुमारे ९३ टक्के मुलांनी खेळाच्या मापाने प्रावीण्य गाठले.

‘खेळाच्या मापाने’ हे दोन शब्द महत्त्वाचे. यानजिन लाँग आणि व्हिन्सेंट अलेव्हन यांनी याच खेळाची तुलना ‘लिनेट’ या साध्या संगणकीय शिकवणीशी केली. खेळणाऱ्या मुलांनी जास्त समीकरणे सोडवली आणि त्यांना मजाही जास्त आली. खेळाबाहेरच्या चाचणीत मात्र लिनेटवर शिकलेली मुले पुढे होती. पेटी एकटी पाडणारे बोट आणि कागदावर क्ष ची किंमत काढणारे बोट एकच असले, तरी एकाचे कसब दुसऱ्यात आपोआप उतरत नाही.

दिल्लीच्या बालवाड्यांत हेच लहान वयात दिसले. ‘प्रथम’च्या २१४ बालवाड्यांतल्या १,५४० मुलांच्या प्रयोगात त्यांतल्या काहींना चार महिने संख्या आणि आकार यांचे खेळ दिले गेले. हे खेळ पडद्यावरचे नव्हते, हाताने खेळायचे होते. २०१७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष आले. कोणता ढीग मोठा, कोणता आकार वेगळा, ही अंतःप्रेरणेची समज वर्षभरानंतरही टिकून होती. पहिलीच्या औपचारिक गणितात मात्र तिचा टिकाऊ फायदा दिसला नाही. खेळ आणि पाटी यांच्यातला पूल कुणीतरी बांधावा लागतो.

चौथा आकडा बाजारातला. ‘प्रॉडिजी’ या कॅनडातल्या कंपनीच्या गणिताच्या खेळाविरुद्ध अमेरिकेतल्या ‘फेअरप्ले’ संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली. १९ मिनिटांच्या खेळात सशुल्क सदस्यत्वाच्या १६ जाहिराती आणि गणिते फक्त ४ दिसली, असे तक्रारीत म्हटले होते. हा दावा तक्रारदाराचा आहे, पण त्यातली मोजण्याची पद्धत कोणत्याही पालकाला घरी वापरता येते: घड्याळ लावायचे आणि मुलाने प्रत्यक्ष सोडवलेली गणिते मोजायची. मिनिटांना गणितांनी भागले की खेळाचा खरा दर निघतो. इथे तो पावणेपाच मिनिटांना एक गणित असा येतो.

पाच टक्क्यांचा प्रश्न

पाचवा आकडा सर्वांत मोठा आहे, कारण तो बाकीच्या सगळ्यांना भागतो. लॉरेन्स होल्ट यांनी २०२४ मध्ये ‘एज्युकेशन नेक्स्ट’मध्ये अमेरिकेतल्या नावाजलेल्या गणित मंचांचे अहवाल तपासले. त्यात खान अकॅडमीसारखी नावे होती. अहवालांतला ठळक लाभ सांगितलेल्या मात्रेत वापर करणाऱ्या मुलांचा होता. अशी मुले एकूण मुलांच्या सुमारे ५ टक्के निघाली. उरलेल्या ९५ टक्क्यांचा आकडा मथळ्यात नव्हता. शिवाय आठवड्याला ठरलेला वेळ नेमाने बसणारे मूल बहुधा आधीच पुढे असते. त्याच्या प्रगतीचे श्रेय मंचाला द्यायचे की मुलाला, हे त्या आकड्यातून कळत नाही.

या कसोटीवर वडोदरा आणि दिल्लीचे आकडे वेगळे ठरतात. तिथे कार्यक्रमासाठी निवडलेल्या सर्वांची सरासरी काढली आहे, गैरहजर मुलांना धरून. वडोदऱ्यात आठवड्याचे १२० मिनिटांचे वेळापत्रक ‘प्रथम’च्या प्रशिक्षकांनी सांभाळले. बीजिंगमध्ये स्थलांतरितांच्या मुलांच्या ४३ शाळांवरच्या प्रयोगात खेळांवर आधारित गणित आठवड्याला ४० मिनिटांच्या दोन बैठकांत दिले गेले आणि ०.१५ वाढ झाली. तिन्ही ठिकाणी खुर्ची, वेळ आणि देखरेख करणारे माणूस ठरलेले होते. घरी फोनवर टाकलेल्या ॲपला यातले काहीच नसते.

संगणक असलेल्या शाळा एका वर्षात ५७.२ वरून ६४.७ टक्के झाल्या, ही बातमी खरेदीची आहे. वडोदऱ्यात १०० शाळांत संगणक होते आणि तरी चौथीचे मूल त्यांच्यापासून दूर होते; ०.४७ हा लाभ चार यंत्रांनी दिला नाही, आठवड्याच्या दोन तासांनी दिला.

तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीपुढे किंवा घरात गणिताच्या खेळाचा प्रस्ताव आला, तर डाउनलोड किती, सोडवलेली गणिते किती, बक्षिसे किती, हे आकडे बाजूला ठेवा. नोंदणी झालेल्या सर्व मुलांची आठवड्याची सरासरी मिनिटे मागा. खेळ मुलाच्या चुकीची जात ओळखतो का, हे ५२ वजा ३७ चे उत्तर मुद्दाम २५ देऊन तपासा. तो कोणत्या तासाच्या जागी येणार, हे लेखी घ्या. चांगला चाललेला गणिताचा तास त्याला देऊ नका. आणि महिन्यातून एकदा फोन बंद करून मुलाच्या हातात कागद-पेन्सिल द्या. त्या कागदावरचे गुण वाढत नसतील, तर खेळ करमणुकीचा आहे आणि त्याचा खर्च त्याच खात्यात धरावा.